बिनतारी हुकूम आणि विहिरीवरचा माणूस

दौंड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रेल्वेचे मोठे जंक्शन, भीमेचा काठ आणि उसाचे फड उभे राहतात. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र या गावाची आणखी एक ओळख ठाऊक असते. सप्टेंबर १९२७ मध्ये इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये बिनतारी तारायंत्राची 'बीम' सेवा सुरू झाली. या सेवेचे संदेश पाठविण्याचे केंद्र पुण्याजवळ खडकी येथे होते, तर इंग्लंडहून येणारे संदेश ग्रहण करण्याचे केंद्र दौंड येथे होते. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील टेटनी येथून निघालेली लघुलहर समुद्र आणि वाळवंटे ओलांडून दौंडच्या माळावर उंच मनोऱ्यांना टांगलेल्या तारांच्या जाळ्यात उतरत असे. साम्राज्याचे सरकारी हुकूम आणि व्यापाऱ्यांचे बाजारभाव अशा रीतीने आपल्या तालुक्यात प्रथम पोहोचत. ज्यांच्या शेतांच्या शेजारी ते मनोरे उभे होते, त्यांच्यासाठी मात्र त्यात एकही शब्द नसे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १ जानेवारी १९४७ रोजी, ही सेवा सरकारने ताब्यात घेतली आणि तिचे नाव 'ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस' झाले. १९८६ मध्ये तिचेच 'विदेश संचार निगम' झाले.

आज त्याच दौंड तालुक्यात आणि शेजारच्या शिरूरमध्ये, विहिरीच्या काठावरील पत्र्याच्या पेटीत, टपाल तिकिटाएवढा एक बिनतारी घटक बसविलेला दिसतो. शेतकरी त्या यंत्राला 'मोबाइल स्टार्टर' म्हणतात. घरी बसून फोन लावावा आणि दोन मैलांवरची मोटार सुरू व्हावी, एवढे ते साधे वाटते. ते तितकेसे साधे नाही. आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत काम करतात. अनेक पालक आजही दुसऱ्याच्या विहिरीवर मोटार चालू-बंद करतात. या दोघांच्याही हाताला लागणारा हा विषय आहे, म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने तो उलगडून सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

आमच्या विवेचनाचे सूत्र आरंभीच सांगतो. एखाद्या यंत्रात बिनतारी घटक बसविणे म्हणजे केवळ तार काढून टाकणे नव्हे. त्या तारेच्या टोकाशी, बटणाजवळ, एक माणूस उभा असे. त्याला तेथून हलविताना तो तेथे काय काय करीत होता, याचा हिशेब यंत्राला चुकता करावा लागतो. हा हिशेब अर्धवट राहिला तर त्याची किंमत बहुधा त्याच माणसाला मोजावी लागते.

रात्रीची लाईट

दौंडच्या दक्षिण भागाला खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी मिळते आणि उत्तरेकडून भीमा वाहते. शिरूरच्या काही भागाला घोड धरणाने आणि चासकमानच्या कालव्याने हात दिला, तर काही भाग आजही पावसाकडे डोळे लावून असतो. कोठेही गेलो तरी पाणी उचलते ती विजेची मोटार. शेतीसाठीचा थ्री फेज वीजपुरवठा आळीपाळीने मिळतो. काही दिवस तो दिवसा असतो, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली म्हणजे अकरा-बारा वाजता कोणाला तरी उठून विहिरीवर जावे लागते. लाईट मध्येच गेली की मोटार बंद पडते आणि ती परत आली की पुन्हा जावे लागते.

ही पायपीट किती धोक्याची आहे, हे शिरूरकरांना सांगावे लागत नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांत उसाच्या आधाराने बिबट्यांचा वावर वाढला आहे. विंचू-साप आणि ओल्या जमिनीवर उघडी पडलेली वायर हे धोके तर सर्वत्रच आहेत. म्हणूनच शेतीला दिवसा वीज द्यावी ही मागणी या भागातून वारंवार होत आली. २०१७ साली शेजारच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथून राज्य सरकारने सौर कृषी वाहिनी योजनेचा प्रारंभ केला, तोही शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी याच उद्देशाने.

येथे एक ऐतिहासिक संदर्भ नोंदविणे उचित ठरेल. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. सिंचन आणि वीज हे विषय त्याच खात्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर वीजविकासाच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी स्वस्त व मुबलक विजेचा आग्रह धरला आणि तो दारिद्र्याच्या फेऱ्यातून जनतेची सुटका करण्याच्या प्रश्नाशी जोडला. वीज किती निर्माण झाली एवढेच न पाहता ती कोणाच्या कामी आली हे पाहायचे, ही ती दृष्टी होय. पुढील तांत्रिक तपशील वाचताना हीच दृष्टी आपल्याला उपयोगी पडेल.

दूरवरून हुकूम

तारेविना दूरचे काम घडविण्याची कल्पना नवी नाही. १८९५ साली कोलकात्यात जगदीशचंद्र बसू यांनी विद्युतचुंबकीय लहरी भिंतींपलीकडे पाठवून दूर ठेवलेली घंटा वाजवून दाखविली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखविली. संदेश पोहोचविणे आणि संदेशाने काम करवून घेणे या दोन गोष्टी त्या प्रयोगात एकत्र आल्या होत्या. तथापि सामान्य माणसाच्या हाती हे साधन यायला शतक उलटावे लागले. १९३३ च्या कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगण्यासही मनाई केली. घरातील रेडिओसाठी टपाल कार्यालयात परवाना-शुल्क भरल्याचे आपल्यातील ज्येष्ठांना आठवत असेल. भारतात मोबाइल सेवा सुरू झाली ती १९९५ साली.

त्या मोबाइलचा शेतीच्या मोटारीशी सांधा जोडणाऱ्यांत पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचे नाव अग्रभागी आहे. आजोबांना पंप सुरू करण्यासाठी करावी लागणारी पायपीट त्यांनी पाहिली होती. त्यातून त्यांनी 'नॅनो गणेश' हे यंत्र विकसित केले. २००९ साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. आज अशा प्रकारची यंत्रे अनेक कंपन्या बनवितात.

प्रारंभीच्या यंत्रांत स्वतंत्र बिनतारी घटक नसे. पेटीत चक्क एक साधा मोबाइल फोन ठेवून तो जोडलेला असे. शेतकरी त्या फोनला फोन लावी आणि कळ दाबी. फोनची प्रत्येक कळ दोन ठरावीक स्वरांची जोडी उमटविते. उदाहरणार्थ '१' ची कळ ६९७ आणि १२०९ हर्ट्झचे स्वर एकाच वेळी पाठविते. पेटीतील मंडल ती जोडी ओळखी आणि मोटार चालू करी. पुढे फोनचा पडदा, कळा आणि कवच गळून पडले आणि केवळ त्याचे हृदय तेवढे उरले. त्यालाच आज मॉड्यूल म्हणतात.

पेटीच्या आत

मॉड्यूल बसविताना चार गोष्टी सांभाळाव्या लागतात: त्याचे अन्न, त्याचा कान, त्याची भाषा आणि त्याचा हात.

पहिली गोष्ट अन्नाची, म्हणजे वीजपुरवठ्याची. रेडिओजवळ मोबाइल ठेवला असता फोन येण्यापूर्वी रेडिओत 'टर्र-टर्र' असा आवाज येत असे, हे पुष्कळांना आठवेल. टूजी फोन अखंड बोलत नाही. तो सेकंदाला सुमारे २१७ वेळा, प्रत्येक वेळी सेकंदाच्या दोन-हजाराव्या भागाहून थोडाच अधिक काळ, लहर फेकतो आणि गप्प होतो. तो आवाज याच ठोक्यांचा असे. प्रत्येक ठोक्याला मॉड्यूल क्षणभर सुमारे २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते, एरवी मात्र त्याला फार थोडा प्रवाह पुरतो. वसतिगृहात पहाटे सगळे नळ एकदम उघडले की बारीक नळीचे पाणी पुरत नाही, म्हणून नळांजवळच टाकी लागते. त्याचप्रमाणे मॉड्यूलच्या अगदी निकट मोठा कपॅसिटर ठेवावा लागतो. तो नसेल तर व्होल्टेज क्षणभर खाली बसते आणि मॉड्यूल बंद पडून पुन्हा सुरू होते. 'नेटवर्क येते आणि जाते' या तक्रारीचे मूळ पुष्कळदा टॉवरमध्ये नसून या पुरवठ्यात असते. शिवाय लाईट गेली तरी तसे कळविण्याएवढी शक्ती शिल्लक हवी, म्हणून लहान बॅटरीही हवी.

दुसरी गोष्ट कानाची, म्हणजे अँटेनाची. १९२७ साली खडकीला पाठविणे आणि दौंडला ग्रहण करणे अशी विभागणी का होती? पाठविणाऱ्या यंत्राच्या गर्जनेत हजारो मैलांवरून आलेली क्षीण कुजबूज ऐकू येणार नाही, म्हणून दोहोंत एवढे अंतर ठेवले होते. आज दोन्ही कामे एका इंचात होतात. पाठविण्याची आणि ऐकण्याची कंपनसंख्या वेगळी ठेवली जाते, टूजीच्या ९०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात ती एकमेकींपासून ४५ मेगाहर्ट्झ दूर असते, आणि दोन्ही कामांचे क्षणही वेगळे असतात. अंतराचे काम वेळेने आणि कंपनसंख्येने केले. बीम सेवेच्या लघुलहरी १० ते १०० मीटर लांबीच्या पट्ट्यातील असत, म्हणून मनोरे उंच लागत. ९०० मेगाहर्ट्झची लहर जेमतेम ३३ सेंटिमीटरची असते आणि तिच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे सुमारे ८ सेंटिमीटरची, अँटेना तिला पुरते. ही अँटेना मात्र पेटीच्या आत ठेवून चालत नाही. स्टार्टरची पेटी लोखंडी पत्र्याची असते आणि बंद लोखंडी पेटीत रेडिओलहर शिरत नाही. म्हणून अँटेना बाहेर, शक्यतो उंचावर, न्यावी लागते आणि तिच्या वायरच्या छिद्रातून पावसाचे पाणी आत जाणार नाही याची खबरदारी घ्यावी लागते.

तिसरी गोष्ट भाषेची. मॉड्यूलला केवळ नेटवर्कशी बोलता येते. निर्णय घेतो तो शेजारचा मायक्रोकंट्रोलर. त्या दोघांतील संवाद बहुधा 'एटी' आज्ञांनी चालतो. ही पद्धत १९८१ साली हेज कंपनीच्या मोडेमने रूढ केली आणि ती आजही टिकून आहे. कंट्रोलर 'एटी' म्हणतो, म्हणजे 'इकडे लक्ष दे', आणि मॉड्यूल 'ओके' असे उत्तर देते. त्यानंतर 'सिम ठीक आहे काय, नेटवर्क मिळाले काय, कोणाचा फोन येत आहे' अशी प्रश्नोत्तरे होतात. भाषा एक असली तरी आवाजाची पट्टी जुळावी लागते. कंट्रोलर ५ व्होल्टच्या पातळीवर बोलत असेल आणि मॉड्यूल २.८ व्होल्टच्या, तर मध्ये पातळी उतरविणारे मंडल न घातल्यास मॉड्यूल निकामी होऊ शकते.

चौथी गोष्ट हाताची. मॉड्यूल चार व्होल्टवर जगणारे आणि मोटार सुमारे ४१५ व्होल्टवर चालणारी. या दोहोंचा थेट स्पर्श कधीही होता कामा नये. त्यांच्यामध्ये प्रकाशाने संदेश देणारा ऑप्टोकपलर आणि चुंबकाने संपर्क जोडणारा रिले असतो. स्टार्टरवर आपण हिरवे आणि लाल अशी दोन बटणे पाहतो. हिरव्या बटणाला समांतर एक रिले जोडला की तो क्षणभर मिटून मोटार सुरू करतो. लाल बटणाच्या ओळीतच दुसरा रिले जोडला की तो क्षणभर उघडून ती बंद करतो. स्टार्टरचा मोठा कॉन्टॅक्टर 'खट्' करून सुटतो तेव्हा विजेचा जो उसळता झटका उमटतो, त्याने कंट्रोलर भांबावून जातो. म्हणून तो झटका शोषणारी योजनाही करावी लागते.

येथवरचे काम कुशल तंत्रज्ञ एका दिवसात करू शकेल. परंतु एवढ्याने यंत्र पूर्ण झाले असे आम्ही मानत नाही.

तो माणूस काय करीत होता?

विहिरीवर जाणारा माणूस केवळ बटण दाबीत नसे. दाबण्यापूर्वी तो तीनही दिवे लागले आहेत ना, हे पाही. दाबल्यावर कान देऊन ऐके: मोटार मोकळ्या आवाजात फिरते की दोनच फेजवर घुमते? पाइपच्या तोंडाशी पाणी आले की नाही, हे डोळ्यांनी पाही. जळका वास आला तर धावत जाऊन लाल बटण दाबी. विहिरीतले पाणी खाली गेले की मोटार बंद करी. त्याच्या या ज्ञानाला कोणी तंत्रज्ञान म्हटले नाही आणि त्याचा वेगळा मोबदलाही दिला नाही. या भागात हे काम करणारा पुष्कळदा सालगडी असे. आपल्या वसतिगृहातील कित्येक मुलांचे वडील आणि आजोबा त्यांपैकीच.

त्याला तेथून हलविले की त्याची प्रत्येक इंद्रियशक्ती यंत्रात उतरवावी लागते. डोळ्यांच्या जागी तीनही फेजचे व्होल्टेज मोजणारे मंडल हवे. एक फेज नसेल किंवा फेजचा क्रम उलटा असेल तर यंत्राने सुरू होण्यास नकार द्यावा. कानांच्या जागी वायरीभोवती प्रवाह मोजणारी कडी हवी. प्रवाह वाजवीपेक्षा वाढला म्हणजे मोटार अडली आहे आणि वाजवीपेक्षा घटला म्हणजे पंप कोरडा फिरतो आहे, हे तिच्यावरून कळते. पाणबुडी मोटारीचे बेअरिंग पाण्यानेच थंड व ओले राहते; कोरडी चालली तर ते लवकरच जळते.

यातून एक महत्त्वाचा नियम निघतो. यंत्राने धन्याला 'मोटार चालू झाली' असा निरोप कशाच्या आधारे द्यावा? काही स्वस्त यंत्रांत रिलेला हुकूम सोडला की लगेच निरोप जातो. हुकूम सुटला याचा अर्थ काम झाले असा होत नाही. प्रवाहाच्या कडीतून खरोखर प्रवाह वाहू लागला, तरच 'चालू' म्हणावे. कागदावरील आदेश आणि त्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी यांतील अंतर आपल्या समाजाला नव्याने समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

नेटवर्क तुटले तर काय, याचाही विचार आधीच करावा लागतो. मोटार सुरू झाली, धनी पुण्याला आहे आणि टॉवर बंद पडला, तर ती थांबवायची कोणी? म्हणून 'इतके तास चालून आपोआप थांब' ही वेळमर्यादा पेटीतील कंट्रोलरमध्येच असली पाहिजे. नेटवर्काने सोय वाढावी. सुरक्षा त्यावर विसंबून नसावी.

ऑटो स्विच आणि जवळचा हात

मोबाइल स्टार्टर येण्यापूर्वी शेतकऱ्यांनी 'ऑटो स्विच' बसविले. लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते, रात्री उठावे लागत नाही. व्यक्तिशः सोयीचा हा उपाय सामूहिक दृष्ट्या घातक ठरला. वीज परत येताच एका डीपीवरील सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात, सुरू होताना त्या नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतात आणि डीपी जळते. मग सर्वांचीच पिके वाळतात. म्हणून ऑटो स्विच काढून कपॅसिटर बसवावेत, असे आवाहन महावितरण सातत्याने करीत असते. बिनतारी घटक असलेल्या यंत्रात हा दोष टाळता येतो, कारण लाईट आल्याचे कळल्यावर माणूस आपल्या सोयीने मोटार सुरू करतो; किंवा प्रत्येक पेटीला वेगवेगळा विलंब देता येतो.

परंतु ऑटो स्विच असो की मोबाइल स्टार्टर, एक धोका दोहोंतही आहे आणि आमच्या मते तोच सर्वांत गंभीर आहे. विहिरीवर एखादा माणूस वायर जोडीत आहे, फुटवाल्वचा कचरा काढीत आहे किंवा पट्टा चढवीत आहे. त्याच वेळी दूर कोणीतरी कळ दाबतो. पूर्वी बटण आणि यंत्र एकाच ठिकाणी होते, म्हणून बटण दाबणाऱ्याला यंत्रापाशी कोण वाकला आहे हे दिसे. आता हुकूम देणारा एकीकडे आणि परिणाम भोगणारा दुसरीकडे. हे अंतर बिनतारी लहरीने निर्माण केले आहे आणि ते भरून काढण्याची जबाबदारी यंत्र बनविणाऱ्याची, बसविणाऱ्याची आणि मालकाची आहे.

उपाय कठीण नाहीत. पेटीवर 'जवळून' आणि 'दुरून' असा निवड-स्विच असावा आणि तो 'जवळून' वर ठेवला असता दूरचा कोणताही हुकूम चालू नये. तो स्विच कुलूप लावण्याजोगा असावा आणि दुरुस्ती करणाऱ्याने त्याची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. वायरीला हात लावण्यापूर्वी मेन स्विच पाडून तीनही फ्यूज काढावेत आणि तेही आपल्यापाशीच ठेवावेत, कारण निवड-स्विच म्हणजे वीज तोडणे नव्हे. दूरून हुकूम आला की मोटार सुरू होण्यापूर्वी दहा-पंधरा सेकंद भोंगा वाजावा. लाल बटण तर कोणत्याही स्थितीत, कोणाच्याही परवानगीविना, चालले पाहिजे. जवळचा हात दूरच्या हुकमापेक्षा श्रेष्ठ, हे तत्त्व यंत्राच्या जोडणीतच घातलेले असावे.

यादीत कोणाचा क्रमांक?

मोबाइल स्टार्टर कोणाच्याही फोनला उत्तर देत नाही. त्यात ठरावीक क्रमांकांची यादी साठविलेली असते आणि त्याच क्रमांकांचा मिस्ड कॉल किंवा संदेश ते मानते. यंत्राबरोबर आलेला ठरीव सांकेतिक क्रमांक बसविण्याच्या दिवशीच बदलावा, अन्यथा तो ज्याला ठाऊक आहे अशा कोणालाही मोटार चालविता येईल. ही झाली सुरक्षेची बाजू.

दुसरी बाजू अशी की, ही यादी म्हणजे अधिकारांची यादी आहे. बहुतेक ठिकाणी तिच्यात मालकाचा आणि त्याच्या मुलांचा क्रमांक असतो. जो प्रत्यक्ष चिखलात उभा राहून दारे धरतो, त्याचा नसतो. मग फड भरला तरी पाणी बंद करण्यासाठी त्याला मालकाला विनवणी करावी लागते, अथवा अंधारातून पूर्वीसारखेच विहिरीपर्यंत चालत जावे लागते. यंत्र आले, रात्रीची पायपीट मालकाची वाचली. मजुराची तशीच राहिली. यादीत एक क्रमांक वाढविण्यासाठी एक संदेश पुरतो. ते काम तांत्रिक दृष्ट्या क्षुल्लक आहे. तरीही ते होत नसेल तर अडचण मॉड्यूलमध्ये नाही, हे उघड आहे. मोबाइल स्टार्टर बसविणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही आग्रहाने सांगतो की, जोडणी पूर्ण झाल्यावर मालकाला एक प्रश्न अवश्य विचारा: 'पाणी कोण भरतो? त्याचा नंबर सांगा.'

पुढचा विचार

मोटार आणि स्टार्टर पंधरा-वीस वर्षे टिकतात. नेटवर्काची पिढी तितकी टिकेलच असे नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओच्या जाळ्यात टूजी मुळातच नाही, त्यामुळे टूजी मॉड्यूलमध्ये ते सिम चालत नाही. २०२० पर्यंत एअरटेलने थ्रीजी बंद केले. म्हणून नवे यंत्र घेताना मॉड्यूल कोणत्या पिढीचे आहे आणि ते खोबणीतून काढून बदलता येते काय, हे विचारून घ्यावे. बदलता येण्याजोगे मॉड्यूल थोडे महाग पडले तरी पुढे अख्खी पेटी फेकावी लागत नाही. मॉड्यूलला शासनाची प्रकार-मान्यता आहे काय, हेही पाहावे. रेडिओलहरींचा पट्टा ही सर्वांची सामायिक मालमत्ता आहे. शिरूरला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण अवकाशातील क्षीणतम लहरी ऐकण्याचे काम करते. आपल्या यंत्राच्या गोंगाटाने शेजाऱ्याचे कान बधिर होऊ नयेत, एवढी सभ्यता प्रत्येक उपकरणाने पाळलीच पाहिजे.

हा विषय आता पंपापुरता राहिलेला नाही. केंद्राच्या कुसुम योजनेतील सौरपंपांच्या नियंत्रकात दूरस्थ देखरेखीसाठी सिम असते. घरोघरी बसू लागलेल्या स्मार्ट मीटरमध्येही बिनतारी घटक आहे. रांजणगावला एलजी आणि व्हर्लपूल यांचे गृहोपयोगी उपकरणांचे कारखाने आहेत, आणि २०२२ साली केंद्र सरकारने तेथे इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूहास मान्यता दिली. ज्या गावांत १९२७ साली परक्या सत्तेचे संदेश उतरत होते, त्याच परिसरात आज यंत्रांना बोलते करण्याचे काम चालते आणि त्या कारखान्यांच्या फाटकातून आपली मुले-मुली आत जातात. त्यांनी केवळ जुळणीच्या ओळीवर उभे राहू नये. मंडलाची आखणी करणाऱ्या टेबलाशी बसावे, अशी आमची इच्छा आहे. विहिरीवर रात्री कोण जातो, हे ज्याने घरात पाहिले आहे, त्याला भोंगा आणि निवड-स्विच का हवा हे समजावून सांगावे लागणार नाही.

रांजणगाव आणि कुरकुंभ येथे काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. वर्षातील एक रविवार शाळेच्या प्रयोगशाळेला द्यावा. जुने मॉड्यूल, दोन रिले, एक कपॅसिटर आणि निकामी स्टार्टरची पेटी एवढे साहित्य पुरेसे आहे. नववी-दहावीच्या मुलांकडून मोटारीच्या जागी बारा व्होल्टचा लहान दिवा लावून ही जोडणी करवून घ्यावी. दिवा पेटला की पुष्कळसे शिकवून झाले असे वाटेल; तेथे न थांबता निवड-स्विच आणि भोंगाही त्यांच्याकडूनच बसवून घ्यावा. आणि ज्यांच्या घरी अथवा मालकाच्या मळ्यावर असे यंत्र आधीच बसले आहे, त्या पालकांनी या आठवड्यात पेटी उघडण्याचीही गरज नाही. यादीत आपला क्रमांक आहे की नाही, एवढे विचारून घ्यावे.